सांबार म्हणजे कोथिंबीर

एका वाचक आईचं पत्र, थोडक्यात: आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. मुलगा साडेचार वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीत आहे. गेल्या महिन्यात ओपन हाउसला टीचर म्हणाल्या, ‘ह्याची व्होकॅब्युलरी कमी आहे. घरी इंग्रजीत बोला, स्टोरीबुक्स वाचा.’ वर्गात भाज्यांची चित्रं दाखवली तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीला तो ‘सांबार’ म्हणाला आणि सगळी मुलं हसली. त्याला सांभाळायला सासूबाई अमरावतीकडच्या गावाहून आल्या आहेत, दिवाळीपर्यंत राहतील. रोज रात्री त्या त्याला वऱ्हाडीत गोष्ट सांगतात, तीसुद्धा पंधरा-पंधरा दिवस तीच. तो ‘वावर’, ‘पऱ्हाटी’ असं काहीबाही बोलतो, कधी कधी मलाच कळत नाही. मी शब्दांच्या कार्डांचे दोन संच आणले, रोज दहा शब्द घेते, पण तो उठून जातो. इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणली, तर प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायला थांबलं की तिथूनही पळतो. गोष्टी इंग्रजीतच व्हाव्यात असं मला वाटतं. सासूबाईंना दुखवायचं नाही, पण त्यांना गोष्टी थांबवायला सांगू का? मला स्वतःला तर गोष्ट सांगताच येत नाही.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कोथिंबिरीच्या जुडीपाशी थांबले. विदर्भात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. तिकडच्या भाजीबाजारात कुणीही मावशी ‘सांबार घ्या’ म्हणूनच जुडी पुढे करेल. म्हणजे तुमचा मुलगा चुकला नव्हता. त्यानं चित्र ओळखलं, त्याला ठाऊक असलेलं नाव सांगितलं, आणि ते नाव बरोबर होतं. तुम्ही घरात कोथिंबीर म्हणत असाल, तर तेही त्याच्या कानावर आहे. शाळेत आता तिसरं नाव मिळालं असेल. एका जुडीला तीन नावं असलेला मुलगा वर्गात ‘शब्द कमी असलेला’ ठरला, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न. शब्द कमी आहेत, ते कुठल्या भाषेत? शाळा त्याचे इंग्रजी शब्द मोजते आहे. दोन-तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द त्या भाषांमध्ये वाटले गेलेले असतात. जेवणाखाण्याचे, रागालोभाचे घरच्या भाषेत, रंग-आकडे-आकार शाळेच्या भाषेत. एकाच भाषेचं माप लावलं की असं मूल कायम तोकडं दिसतं. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणारी माणसं अशा मुलाचे सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरतात. तसं धरलं तर तुमच्या मुलाकडे पुण्याकडची मराठी आहे, वऱ्हाडी आहे आणि इंग्रजी येते आहे. साडेचार वर्षांच्या मुलाच्या मानानं हे खूप आहे.

टीचरना मी दोष देत नाही. वर्गात तीसेक मुलं असली की हाताशी असलेल्या मापानंच मोजावं लागतं. पण तुम्ही त्यांना भेटा आणि सांगा की सांबार म्हणजे कोथिंबीर, वावर म्हणजे शेत आणि पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. वर्गातल्या मुलांनाही टीचरनी हे सांगितलं तर फार छान. त्या दिवशी तो हसण्यावारी गेला. वर्गातली त्याची जागा त्याला परत मिळायला हवी. वर्गात एकदा हसं झालेलं मूल पुढच्या वेळी तोंड उघडायलाच बिचकतं. शब्दांची खरी खोट तिथून सुरू होते.

आता कार्डांबद्दल. मी सत्तावीस वर्षं बालवाडीत शिकवलं. कार्डं आमच्याकडेही होती आणि ती वाईट नसतात. पण कार्डावर काय मावतं, हे एकदा बघा. हत्ती मावतो, सफरचंद मावतं, बस मावते. ‘मुद्दाम’ कार्डावर काढता येईल का? ‘अलगद’? ‘तरीसुद्धा’? ‘हिरमुसला’? ही सगळी गोष्टीत राहणारी माणसं आहेत. आपल्या मराठीत तर नुसत्या आवाजातून चित्र उभं करणाऱ्या शब्दांची केवढी श्रीमंती आहे. म्हातारी मटकन खाली बसते, पोरगी खुदकन हसते, बेडूक माशी गटकन गिळतो, आंबा टपकन पडतो. हे शब्द कुणी कधी कार्डावरून शिकलं नाही. आजीच्या तोंडून, तिच्या हातवाऱ्यांसकट ऐकूनच ते आले.

एक प्रसंग सांगते. चिऊ-काऊची गोष्ट चालली होती. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पुढे बसलेल्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, मेण म्हंजे?’ मी मेणबत्ती पेटवली आणि वाटीतल्या पाण्यात चार थेंब पाडले. पाण्याला लागताच ते पांढुरके झाले आणि टिकल्यांसारखे तरंगायला लागले. निवल्यावर प्रत्येकाच्या तळहातावर एकेक टिकली ठेवली. कुणी नखानं दाबून पाहिली, कुणी नाकाशी नेली. ती मुलगी मात्र टिकली मुठीत धरून गप्प बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, ‘मग ऊन पडल्यावर चिऊचं घर वितळेल ना?’ मी ती गोष्ट तोवर किती वेळा सांगितली असेल, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. आम्ही चिऊचं घर झाडाच्या सावलीत हलवलं. पुढच्या आठवड्यात डब्याच्या वेळी एक मुलगा सरबताकडे बघून म्हणाला, ‘साखर वितळली.’ त्यावर हीच मुलगी म्हणाली, ‘साखर विरघळते. मेण वितळतं.’ तिला हा फरक मी शिकवलेला नव्हता. एक शब्द तिच्या हाताला लागला होता, मग दुसरा कुठे बसत नाही हे तिचं तिलाच कळलं.

ताई, शब्द येणं म्हणतात ते हे. पहिल्यांदा ऐकला की शब्दाची नुसती तोंडओळख होते. अमेरिकेत १९७८ साली सुझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. शिक्षिकेनं सहज सांगितलं, ‘तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको, क्रोमियम.’ ट्रे होता हिरवट-तपकिरी रंगाचा. हा शब्द रंगाचं नाव म्हणून मुलांनी कधी ऐकलेला नव्हता, तरी त्यांनी बरोबर ट्रे आणला, आणि काहींच्या मनात त्या शब्दाची पुसट खूण पुढेही राहिली. पुसट खूण. ती गडद व्हायला तोच शब्द पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या निमित्तानं भेटावा लागतो.

म्हणूनच सासूबाईंची ‘पंधरा दिवस तीच गोष्ट’ मला मुळीच खटकली नाही. मूल तीच गोष्ट मागतं तेव्हा त्याला त्यातून अजून काहीतरी घ्यायचं असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांबाबत हेच पाहिलं. काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानावर तितक्याच वेळा पडले. पण ज्यांनी तीच गोष्ट ऐकली त्यांना ते शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. कारण समजायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मुलाचं सगळं लक्ष ‘पुढे काय झालं’ याकडे असतं. चौथ्या दिवशी पुढचं माहीत असतं, मग त्याचा कान शब्दांकडे वळतो. तुम्हाला तीच गोष्ट ऐकून कंटाळा येतो, ते मी समजू शकते. दिवसभराच्या कामानंतर कुणालाही येईल. पण त्या कंटाळ्यावरून गोष्टीची किंमत करू नका.

अर्थ सांगायला थांबण्याबद्दल विचारलंत. थांबावं, पण प्रत्येक शब्दाला नाही. न्यूझीलंडच्या वॉरविक एली यांनी १९८९ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना वर्गात गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसतं वाचून दाखवलं तरी मुलांनी काही नवे शब्द उचलले. आणि शिक्षकांनी जाता जाता शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा ही वाढ दुपटीहून जास्त झाली. ‘जाता जाता’ महत्त्वाचं. एका बैठकीत दोन शब्द, फार तर तीन. तेही गोष्टीचा धागा न तोडता, वाक्यातच घालून. ‘कोल्हा दबकत आला, म्हणजे पाय न वाजवता, हळूच’ असं म्हणा आणि पुढे चला. ‘दबकत म्हणजे काय, सांग बरं?’ असं विचारलंत की गोष्टीचा तास होतो. मग तो उठून जाणारच. पहिल्यांदा गोष्ट वाचाल तेव्हा तर एकदाही थांबू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून त्याला बोलू द्या. या पद्धतीवर ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी अमेरिकेत १९८८ मध्ये काम प्रसिद्ध केलं. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी चित्रांची पुस्तकं मुलांशी बोलत बोलत वाचायला शिकवलं आणि महिनाभरातच मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. पण त्याला संशोधन कशाला हवं, घरोघरच्या आज्या हे करतच असतात. तो म्हणेल, ‘कुत्रा पळाला.’ तुम्ही म्हणा, ‘हो ना, शेपूट पायात घालून पळाला. का बरं घाबरला असेल?’ तो काय सांगतो ते पूर्ण ऐका. त्याचं वाक्य आपण थोडं वाढवून त्याच्याच हाती परत द्यायचं. ‘पळाला नाही, पळत सुटला म्हण’ असं दुरुस्त करत बसू नका. तुमच्या तोंडून बरोबर रूप ऐकेल, ते पुरे.

आणि मग तो शब्द गोष्टीतून घरात आणा. ‘अलगद’ भेटला असेल तर दुसऱ्या दिवशी दुधाचा ग्लास देताना म्हणा, ‘अलगद ठेव हं.’ ‘दबकत’ आला असेल तर दुपारी आजी झोपलेली असताना दोघं दबकत जा. पुस्तक मिटल्यावर शब्दाचं जे होतं, ते वाचताना होतं त्याहून मोठं असतं. माझ्या अनुभवात निम्मं काम तिथं होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. गोष्टी फक्त इंग्रजीत कराव्यात का? घरात कुणाला इंग्रजीत मनमोकळं, चिडवत-खिदळत बोलता येत असेल, तर त्यानं इंग्रजी पुस्तक इंग्रजीतच वाचावं. तुमचे यजमान वाचत असतील तर त्यांनी आठवड्यातून दोन रात्री तो कार्यक्रम ठेवावा, आणि पुस्तकाबद्दल मुलाशी गप्पा मराठीत माराव्यात. त्यात काहीही बिघडत नाही. पण ज्या भाषेत आपल्याला चार वाक्यांपुढे जाता येत नाही, त्या भाषेत मुलाशी बोलायचं म्हटलं की बोलणं ‘कम हिअर, ईट धिस, डोन्ट डू दॅट’ एवढंच उरतं. भाषा बदलते आणि सोबत निम्मं बोलणंच बंद होतं. ‘मत्सर’ म्हणजे काय हे एकदा सावत्र आईच्या गोष्टीतून मराठीत कळलेल्या मुलाला त्याचा इंग्रजी शब्द शिकणं अवघड नाही, कारण अर्थ आधीच घरात राहायला आलेला असतो. अर्थच नसेल तर इंग्रजी शब्दही पाठ केलेला राहतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिकण्याचं माध्यम असावं असं म्हटलं आहे, त्यामागे हाच विचार आहे. तुमची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, ती बदला असं मी म्हणत नाही. शाळा इंग्रजी देईल. घराला जे देता येतं ते घरानं द्यावं.

घरात किती माणसं बोलतात, यालाही मोल आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून असं मांडलं गेलं की पहिल्या तीन-चार वर्षांत गरीब घरातली मुलं सधन घरातल्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतात. तेव्हापासून पालकांच्या मनात शब्दमोजणीची धास्ती बसली. पण २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की मुलाशी घरातला प्रत्येक माणूस काय बोलतो आणि मुलाच्या आसपास काय बोलणं चालतं, हेही धरलं तर चित्र खूपच बदलतं. भाऊबहीण, मावशी, आजी, शेजारी. तुमच्या घरात संध्याकाळी सहा वाजता त्या मुलाशी कोण बोलत असतं? तुम्ही तेव्हा ऑफिसच्या बसमध्ये असता.

म्हणून सासूबाईंना थांबवू नका. एवढं एकच मी ठामपणे सांगेन. वऱ्हाडी ही बिघडलेली मराठी नाही, तिचं स्वतःचं व्याकरण आहे, म्हणी आहेत, गोडवा आहे. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडला त्यांनी वारली मुलांबरोबर काम केलं. मूल जिथे आहे तिथे, त्याच्या अंगणात जाऊन, आसपासच्या बिया-शिंपल्यांतून शिकवायचं, ही त्यांची रीत होती. अंगणवाडी हा शब्दच तिथून आपल्या ओळखीचा झाला. आम्ही बालवाडीतल्या बायका त्याच वाटेनं चाललो. तुमच्या मुलाचं अंगण सध्या त्याच्या आजीच्या मांडीवर आहे.

मला वाटतं, तुमच्या मनात आणखी एक सल आहे. पत्राच्या शेवटच्या ओळीत तो आला: मला गोष्ट सांगता येत नाही. मुलगा रात्री आजीकडे जातो, तुमच्या कार्डांपासून पळतो. हे टोचत असणार. पण गोष्ट सांगायला राजा-राणी लागत नाहीत. ‘आज ऑफिसच्या बसमध्ये एक मांजर शिरलं’ एवढं पुरतं. ते कुणाच्या सीटखाली लपलं, ड्रायव्हरकाका काय म्हणाले, शेवटी कसं बाहेर आलं. खरं घडलेलं सांगा, दहा मिनिटं. रात्रीची वेळ आजीची राहू द्या, आणि तुमची वेळ सकाळी दूध पिताना किंवा रविवारी भाजी निवडताना ठेवा. सांबारच निवडा म्हणते मी.

कार्डं टाकू नका, फक्त रोज दहाचा नेम सोडा. तीन कार्डं उलटी टाकून, निघतील ती घेऊन दोघांनी मिळून गोष्ट रचायची. हत्ती, छत्री आणि केळं. बघा कुठे जाते ती.

या पत्रासारखी पत्रं मला आणखीही येतात, म्हणून त्या वाचकांसाठी थोडं. ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत त्यांनी अडून राहू नये. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं सुंदर आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात. मात्र मोबाइल मोठ्या माणसाच्या हातात आणि मूल त्याच्या कुशीत, असं वाचावं. एकट्या मुलाच्या हाती गोष्टींचे व्हिडिओ देणं ही वेगळीच गोष्ट, कारण व्हिडिओ मुलाच्या प्रश्नाला थांबत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, आणि मूल बसलेलं असेल तेव्हा मोठ्यांनी वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात. ज्यांना वाचता येत नाही अशा आजी-आजोबांनी चित्रं बघून गोष्ट सांगावी. पुस्तकात लिहिलेलीच सांगितली पाहिजे असं काही नाही.

एका बाबतीत मात्र थांबून वाट बघू नका. साडेचार वर्षांचं मूल कुठल्याच भाषेत सलग वाक्य बोलत नसेल, त्याचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला कळत नसेल, हाक मारल्यावर लक्ष देत नसेल किंवा टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, तर आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात कधी कधी पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू कमी येतं आणि घरच्यांना वाटतं की मूल हट्टी आहे. बालरोगतज्ज्ञांना विचारा, ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे किंवा श्रवण आणि वाचा तज्ज्ञांकडे पाठवतील. मुंबईत वांद्र्याला यासाठी अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे. तुमच्या पत्रावरून तुमच्या मुलाचं असं काही वाटत नाही. आजीची गोष्ट तो रोज मागून घेतो, ऐकतो, त्यातले शब्द वापरतो.

सासूबाई दिवाळीनंतर गावी जातील म्हणालात. तोवर त्यांच्या चार-पाच गोष्टी मोबाइलवर आवाजात टिपून ठेवा. त्यांना सांगून, समोर बसून टिपा. त्यांनाही बरं वाटेल की सुनेला आपल्या गोष्टी हव्यात. मुलगा मध्ये मध्ये बोलेल, हुंकार देईल, तेही राहू द्या, पुसू नका.

आणि या रविवारी त्याला म्हणा, ‘आजीची गोष्ट मला माहीत नाही, तू सांग.’ तो आजीसारखेच हातवारे करेल, आजीसारखाच आवाज काढेल. मध्येच पऱ्हाटी येईल. ती म्हणजे काय, हे मी वर सांगितलंय ते विसरा आणि त्यालाच विचारा.